भागाक्काची पाटी

ऑगस्ट २०२३ मध्ये ‘बाल्डर्स गेट ३’ हा व्हिडिओ गेम आला. पहिला शनिवार-रविवार उलटल्यावर तो बनवणाऱ्या लॅरियन या बेल्जियमच्या कंपनीने काही आकडे जाहीर केले. त्यातला एक असा, की जगभरच्या खेळाडूंनी मिळून नुसतं आपलं पात्र घडवण्यात ८८ वर्षं घालवली होती. खेळण्यात नव्हे हं. खेळ सुरू व्हायच्या आधी, केस कुठल्या रंगाचे, डोक्यावर शिंगं हवीत की नकोत, गालावर व्रण शोभेल का, यातच. हे वाचून मला फार बरं वाटलं. या वेडात आपण एकट्या नाही तर.

दुसरा आकडा जास्त विचार करायला लावणारा होता. शंभरातल्या ९३ जणांनी स्वतःचं पात्र घडवलं होतं. या खेळात तयार पात्रंही मिळतात: गेल, अस्टॅरियन, शॅडोहार्ट, कार्लाख वगैरे. त्यांना पूर्वकथा आहे, दुःखं आहेत, कसलेल्या नटनट्यांचे आवाज आहेत. आपण घडवलेल्या पात्राला यातलं काहीच नाही. संवादांत ते जवळजवळ मुकंच असतं. आपण ओळ निवडायची आणि त्याने नुसत्या भुवया हलवायच्या. तरी लोक हातचं सोडून आपलं मुकं लेकरू कडेवर घेतात.

माझं लेकरू म्हणजे भागाक्का. वंशाने नोम, म्हणजे कमरेएवढ्या उंचीच्या लोकांपैकी. पेशाने बार्ड, म्हणजे गाण्या-बोलण्यातून जादू करणारी. आणि वय साठीच्या अलीकडचं नक्कीच नाही. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे आणि हा खेळ त्याने दोनदा संपवलाय. त्याने स्क्रीनवर भागाक्काला पाहिलं आणि विचारलं, “मावशी, ही कोण? दुकानदार आहे का?”

“नायिका आहे.”

“ही?”

त्याचा दोष नाही. बहुतेकांची पात्रं जाहिरातीतून उतरून आल्यासारखी दिसतात. या खेळात नाक-डोळे सरकपट्टीने कमीजास्त करता येत नाहीत, तयार चेहऱ्यांतूनच एक निवडायचा असतो. पण सुरकुत्या वाढवता येतात आणि केस पिकवता येतात. ती सोय कुणी वापरतं की नाही कोण जाणे. मी दोन्ही भरपूर वापरलं. केस मागे ओढून घट्ट अंबाडा. नाव रोमन अक्षरांत लिहावं लागलं आणि त्यातल्या दोन ‘के’ पाहून पडद्यावर ती फिनलंडची वाटते, पण इलाज नव्हता.

ती आली कुठून, ते सांगते. लहानपणी आमच्या चाळीत दुपारची एक बोहारीण यायची. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, खांद्याला जुन्या कपड्यांचं गाठोडं. आई, शेजारच्या काकू आणि ती, तिघींची बैठक जिन्याच्या पहिल्या पायरीशी बसे. आई बाबांची पँट पुढे करायची. ती पँट उजेडाकडे धरायची, बूड कुठे विरलंय ते एका नजरेत हेरायची आणि काही न बोलता बाजूला टाकायची. साडी असली तर जरीचा काठ दोन बोटांत धरून नखाने हळूच खरवडायची. तेवढ्यात तिला साडीची किंमतही कळे आणि आईला ती देऊन टाकायची किती घाई आहे तेही. “पातेलं नाय येणार ताई यात. वाटी घ्या.” मग आई उठून आत जायची आणि आणखी एक शर्ट घेऊन यायची. पातेलं मिळायचंच, पण ते आपण मिळवलं असं आईला वाटायचं, आणि तो शर्ट बोहारणीने आधीपासूनच मोजलेला असायचा.

तिचं नाव आम्ही कधी विचारलं नाही. म्हणून भागाक्का हे नाव माझं. पण पात्राची पार्श्वभूमी निवडायच्या पानावर उमराव, सैनिक, साधक, भामटा असे पर्याय सरकत गेले आणि ‘गिल्ड आर्टिझन’पाशी माझा हात थांबला. धंद्यातली, बाजार ओळखणारी व्यक्ती. या पार्श्वभूमीबरोबर दोन कौशल्यं मिळतात: समोरच्याला पटवणं आणि समोरचा मनात काय धरून बोलतोय ते ओळखणं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर हीच दोन चालायची.

यानंतर आकड्यांचं पान. या सगळ्या खेळांचं मूळ घराणं म्हणजे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो काढला, तेव्हा निवडीचा प्रश्नच नव्हता. सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे, एकेका गुणासाठी एकदा, आणि पडेल तो आकडा मुकाट लिहून घ्यायचा. सटवाईने सहाव्या रात्री येऊन कपाळावर लिहून जावं, तसं. लिहिलं ते लिहिलं. ‘बाल्डर्स गेट ३’ त्याच खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांवर बेतलेला आहे, पण इथे सटवाईची लेखणी आपल्याच हातात. ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि करिश्मा हे सहा गुण. प्रत्येकाची सुरुवात ८ पासून, आणि वाटायला एकूण २७ पॉइंट. तेरापर्यंत एका पायरीला एक पॉइंट. चौदावी आणि पंधरावी पायरी दोन-दोन पॉइंटांची. पंधराच्या वर थांबायचं. शेवटी कुठल्याही एका गुणावर २ आणि दुसऱ्यावर १ वरकड मिळतात.

भागाक्काचं वाटप असं झालं. करिश्मा १५ आणि वर २, म्हणजे १७. शहाणपण १५ आणि वर १, म्हणजे १६. चपळाई १२, काटकपणा १२. बुद्धी ९. ताकद ८.

भाच्याने आधी बुद्धीवर बोट ठेवलं. “नऊ? मावशी, आठ आणि नऊ सारखेच असतात. दोन्हीला फाशावर उणे एकच मिळतो. विषम आकड्याला काही किंमतच नसते. एक पॉइंट फुकट घालवलास तू.” हिशेबाने तो बरोबर होता. दहाला शून्य, बाराला अधिक एक, चौदाला अधिक दोन. मधले आकडे नुसते दिसायला. तो पॉइंट काटकपणाला देऊन तेरा करायचे, मग चौथ्या पातळीवर जे दोन पॉइंट मिळतात त्यांतला एक करिश्माला देऊन १७ चे १८, दुसरा काटकपणाला देऊन १३ चे १४, असं त्याने मला कागदावर मांडून दाखवलं. अक्षरही छान आहे त्याचं.

पण भागाक्का चौथीपर्यंत शिकली आहे. तिला सही करता येते, तोंडी हिशेब येतो, दारावरची पाटी वाचता येते. आठ म्हणजे शाळेत गेलीच नाही. नऊ म्हणजे गेली आणि घरच्यांनी काढली. हा फरक खेळाच्या गणितात कुठेच उमटत नाही, आणि २७ पैकी ज्यावर मी सगळ्यात जास्त वेळ विचार केला तो हाच पॉइंट. बाकीचे २६ कुणीही जाणकार माणूस साधारण असेच वाटेल.

ताकदीवरून मात्र त्याने मला खरंच अडवलं. मी त्याला बोहारणीची सगळी कथा ऐकवली होती, आणि तो म्हणाला, “मग तिची स्ट्रेंग्थ आठ कशी? तू म्हणतेस ती पाटी घेऊन तीन मजले चढायची.”

चढायची. म्हणूनच आठ. चाळीस वर्षं पाटी वाहिली की मान कुणाची शाबूत राहते? मी घडवली ती पाटी उतरवून ठेवल्यानंतरची भागाक्का. नजर आहे, जीभ आहे, पाठ गेली. आणि हे ठरल्यावर खेळ जो रंगला तो त्या आठमुळेच. या खेळात चमचे, ताटल्या, मेणबत्त्या, फाटके अंगरखे, काहीही उचलता येतं आणि प्रत्येक वस्तूला वजन असतं. किती पेलवेल ते ताकदीवर ठरतं. त्यापुढे गेलात की चालच मंदावते. भागाक्का कपडा दिसला की सोडत नाही, तो तिचा धर्म आहे. पण चार अंगरखे आणि एक चिलखत घेतलं की तिचा पाय उचलेना. मग तिच्यासोबत कार्लाख आली. सहा फुटांच्या वर, एका शिंगाचा तुकडा उडालेला, छातीत काळजाच्या जागी नरकातलं इंजिन धगधगतंय, आणि स्वभावाने एकदम मोकळी. भागाक्का उचलते आणि कार्लाखच्या पिशवीत टाकते. जगाचा उद्धार करायला निघालेल्या टोळीत एक बाई भाव ठरवते आणि दुसरी हमाली करते. माझी पाटी कार्लाखच्या डोक्यावर गेली याचं मला मनापासून समाधान आहे.

उडी किती लांब जाते तेही ताकदीवरच असल्यामुळे नाल्यापाशी आमची गंमत होते. बाकीचे तिघं पलीकडे, ही अलीकडे. मग लांबचा वळसा.

आता ती लढते कशी? बार्डच्या मंत्रांत ‘व्हिशस मॉकरी’ नावाचा एक अगदी साधा मंत्र आहे. शत्रूकडे बघून त्याला लागेल असं बोलायचं. त्याच्या मनाने तग धरला नाही तर त्याला इजा होते, आणि त्याचा पुढचा वारही चुकण्याची शक्यता वाढते. इजा किरकोळ, चार बाजूंच्या एका फाशाएवढी. पण मंत्र फुकट आहे, कितीही वेळा वापरा. आगीचे गोळे फेकणारे जादूगार दमून बसतात तेव्हा भागाक्काची जीभ चालूच असते. टोमण्याने माणूस आजारी पडतो हे आपल्या घरांतून सगळ्यांना ठाऊक असतं. तो मरतो आणि वर त्याचे आकडे दिसतात, एवढंच मला नवीन. वाद्य घ्यायची वेळ आली तेव्हा ल्यूट, लायर, बासरी, व्हायोलिन सगळं बाजूला सारून मी हातात धरायचा ढोल घेतला. डफ तर नव्हता. पण जवळपास.

एका ओसाड गावात गॉब्लिन नावाच्या दुष्ट, बुटक्या लोकांनी एका नोमाला पवनचक्कीच्या पात्याला बांधून गरगर फिरवत ठेवलंय. भागाक्काच्या रक्ताचा माणूस. आता इथे तर पटवण्याचं कौशल्य, करिश्मा १७, सगळं तिच्या बाजूने. वीस बाजूंचा फासा पडद्यावर लोळला आणि १ वर थांबला. एकवर थांबला की कितीही बोलकी असा, हारच. आधीची नोंद उघडून पुन्हा फासा टाकता येतो, पुष्कळ जण टाकतात. मी टाकत नाही. आईकडूनही कधीतरी ती बोहारीण वाटीतच भागवून परत गेली असेल की. मारामारी झाली. शेवटचा गॉब्लिन टोमण्याने गेला. मग चक्कीत दोन दांडे दिसले, एक ब्रेक लावायचा आणि एक सोडायचा. घाईत भलताच ओढला तर तो बिचारा आभाळात भिरकावला जातो. आम्ही वाचून मग ओढला. चौथीपर्यंतचं शिक्षण असं उपयोगी पडतं, हे मी भाच्याला मुद्दाम फोन करून कळवलं.

नोम निवडण्यामागे मात्र थोडा हिशेबही होता. या कथेत सगळ्यांच्या डोक्यात एक अळी घुसलेली आहे आणि जो तो त्यांच्या मनावर ताबा मिळवायला बघतो. नोम लोकांना अशा भुलीविरुद्ध दोनदा फासा टाकता येतो आणि त्यातला चांगला घेता येतो. बोहारणीला गुंडाळणं इतकं सोपं नाही. शिवाय जंगलातल्या नोमांना प्राण्यांशी बोलता येतं. रानात मेलेल्या मालकापाशी बसून राहिलेला एक कुत्रा भेटतो; इतरांना तो गुरगुरतो एवढंच कळतं, भागाक्काला तो काय म्हणतो ते कळतं. एका वस्तीत एक बैल आहे, तो बैल नाही हेही तिलाच आधी समजलं.

भाच्याने अजून आशा सोडलेली नव्हती. खेळात विदर्स नावाचा एक सांगाडा भेटतो. त्याला १०० मोहरा दिल्या की तो पात्राचे सगळे आकडे पुसून नव्याने मांडू देतो. चेहराही बदलता येतो; सप्टेंबर २०२३ च्या पॅचनंतर, म्हणजे खेळातल्या सुधारणेनंतर, तळावर जादूचा आरसाच आला आहे. वंश तेवढा बदलत नाही. “शंभर मोहरा काहीच नाहीत, मावशी. नऊचे आठ कर, काटकपणा तेरा कर, मला बरं वाटेल.”

मी म्हटलं, भागाक्का एवढ्या मोहरा देईल असं वाटतं का तुला?

मग चौथी पातळी आली आणि दोन पॉइंट हातात पडले. एक करिश्माला दिला, १८ झाले. त्यावर आमचं एकमत होतं. दुसरा मी बुद्धीला दिला. नवाचे दहा. उणे एक पुसला गेला आणि तिथे शून्य आलं.

“बार्डला कुणी बुद्धी वाढवतं का?” भाचा जवळजवळ ओरडलाच. त्याला म्हटलं, रात्रशाळा लावली तिने. या खेळात जागोजागी पुस्तकं पडलेली असतात, ती आता मी एकूण एक उघडून वाचते, कारण भागाक्का वाचेल. त्यामुळे आमची गती आणखी मंदावली आहे. भाच्याच्या म्हणण्याप्रमाणे तिसऱ्या अंकात शहर लागतं आणि तिथे कपड्यांचं एक मोठं, उंची दुकान आहे. तिथला मालक भावात घासाघीस करू देतो का, हे तो काही सांगायला तयार नाही.