वारा ढकलतो की उचलतो? आमची वाटचाल

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत वडिलांचं, म्हणजे दादांचं, फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. यंत्रमागांच्या शेड उभारणं हेच काम. एका मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यानं आम्हीच बांधलेल्या शेडचे पत्रे उडाले. मी तेव्हा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. जाऊन बघते तर खाली माग भिजलेले, आणि वर पर्लिनला, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्यांना, बोल्ट जसेच्या तसे, वॉशरसकट. पत्रा तेवढा बोल्टाभोवती फाटून गेलेला. दादा म्हणाले, "आपण समजत होतो वारा ढकलतो. हा तर उचलतोय गं." नवे पत्रे आम्ही पदरचे घालून बसवून दिले.

पुढे मी वाऱ्याच्या गणितातच शिरले. आयएस 875 या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर आहे. त्याचा दाब चौरस मीटरला साधारण 93 किलो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. पण हे सरळ वाऱ्याचं. गरगरत्या वाऱ्याचं काय? अमेरिकेतल्या एएससीई 7 संहितेतसुद्धा टोर्नेडोच्या भाराचं प्रकरण आलं ते 7-22 या आवृत्तीत. आपली वावटळ म्हणजे टोर्नेडो नव्हे, पण छप्पर कसं उचललं जातं ते त्याच्याकडूनच नीट शिकता येतं.

वर्कशॉपच्या माळ्यावर दोन कॉम्प्युटर टाकले, ओपनफोम हे हवेच्या प्रवाहाचं गणित करणारं फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं. रँकिनचा भोवरा बसवायचा: गाभ्यात मधून कडेकडे वेग वाढत जातो, गाभ्याबाहेर ओसरतो. तो शेडवरून सरकवायचा. एकाच भिंतीवर आत्ता दाब, क्षणात ओढ. गाभ्याच्या कडेला 50 मीटर वेग धरला तर मधोमध हवेचा दाब सुमारे 3000 पास्कलनं उतरतो. शेड पूर्ण बंदिस्त असेल तर पत्र्याला आतून चौरस मीटरला 300 किलोचा रेटा!

पहिल्या मॉडेलात मी कोपऱ्यांची जाळी, म्हणजे गणितासाठी हवेचे पाडलेले चौकोन, मोठी ठेवली होती. रिपोर्ट जाणार, इतक्यात दादांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "कोपऱ्यात ओढ एवढी कमी कशी? पत्रा तर तिथूनच सुटतो." जाळी बारीक केली, आणि ओढ तिथंच सर्वांत जास्त निघाली. तीन आठवडे गेले, पण चुकीचा रिपोर्ट गेला नाही. गणित येणाऱ्यानं पत्रा हाताळलेल्या माणसाचं ऐकावं, असं मला मनापासून वाटतं.

आज आम्ही चौघं आहोत. कडेला आणि कोपऱ्यांत बोल्ट जवळजवळ मारायचे, मोठे वॉशर घालायचे, वादळ दिसलं की वाऱ्याकडचं शटर आधी ओढायचं, एवढं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. मार्च लागला की जुन्या शेडवर चढून तपासणी सुरू होते. दादा अजूनही खाली उभे राहून बोल्ट मोजतात.