थायलंडची फाइल आणि काकूंचा प्रश्न

"पन्नाशी पूर्ण लागते, ती तर कधीच झाली," म्हणत शेजारच्या काकांनी आज डायनिंग टेबलवर अख्खी फाइल उघडली. पार्ल्याचा फ्लॅट भाड्याने द्यायचा आणि चियांग मायला जाऊन राहायचं, रिटायरमेंट व्हिसावर. थाई बँकेत 8 लाख बाट ठेवायचे नाहीतर महिन्याला 65 हजार बाट उत्पन्न दाखवायचं, दरवर्षी एक्स्टेंशन, काँडो म्हणजे तिथला फ्लॅट नावावर घेता येतो, जमीन नाही. सगळं पेन्सिलने नीट लिहिलेलं, मला खरंच कौतुक वाटलं.

मग मी एका ओळीवर बोट ठेवलं. दर 90 दिवसांनी इमिग्रेशनला कळवायचं की मी याच पत्त्यावर राहतोय. "ऑनलाइन होतं गं ते."

काकू इतका वेळ मटार सोलत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "आणि रात्री छातीत दुखलं तर कोणाचं दार वाजवायचं?"

तेव्हापासून तेच डोक्यात आहे. खर्च, हवा, व्हिसा, सगळ्याचा हिशोब मांडता येतो, पण रात्री दोनला कोणाची बेल वाजवायची हे आपण कधी ठरवलेलंच नसतं, एका बिल्डिंगमध्ये वर्षानुवर्षं राहून ते आपोआप झालेलं असतं. साठीनंतर परक्या गावात हे नव्याने जमतं का? कोणाचे आईवडील असे गेले असतील तर प्लीज लिहा, काकूंना वाचून दाखवीन.