एका सेकंदाची वायर

मी नेदरलँड्समध्ये तरंगत्या पवनचक्क्यांच्या सिम्युलेशनवर काम करते. आईला फोनवर "टबात पवनचक्की सोडून हलवून बघतो" एवढंच सांगते, आणि ते फार चूकही नाहीये. मॉडेल 1:50 चं, म्हणजे 126 मीटरचा रोटर, म्हणजे पात्यांचं चक्र, अडीच मीटरवर येतो, वेळ सातपट आकसतो, आणि वजन तर घनाच्या हिशोबाने, त्यामुळे मॉडेलवर चुकून राहिलेला एक ग्रॅमचा टेपचा तुकडा खऱ्या तरंगत्या प्लॅटफॉर्मवर सव्वाशे किलो होतो!

त्या दिवशी सगळ्यात सोपी टेस्ट होती, फ्री डीके. वारा नाही, लाटा नाहीत, प्लॅटफॉर्म थोडा पुढे ओढायचा, सोडून द्यायचा आणि एक हेलकावा किती वेळात होतो ते मोजायचं. ओपनफास्ट, म्हणजे आमचं सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर, म्हणत होतं 15.8 सेकंद, टँकमध्ये, म्हणजे पाण्यातल्या मॉडेलवर, आले 14.7. एका सेकंदाने काय होतंय असं वाटेल, पण याचा अर्थ स्टिफनेस, म्हणजे प्लॅटफॉर्मला जागेवर परत खेचणारा ताठपणा, 16 टक्के जास्त, आणि तो द्यायचं काम मूरिंगच्या, म्हणजे प्लॅटफॉर्मला तळाशी बांधून ठेवणाऱ्या, साखळ्यांचं.

आता पाप सांगते. मी कोडमध्ये साखळीची लांबी जराशी कमी केली, ग्राफ मस्त एकावर एक बसला, स्लाइडसुद्धा बनवून टाकली. पण साखळी टँकवाल्यांनी मोजून दिलेली, जेवताना तेच डोक्यात घोळत राहिलं.

परत येऊन टेस्टचा व्हिडिओ लावला. तिसऱ्यांदा बघताना दिसलं, टॉवरवरून सेन्सरच्या वायरींचा जुडगा वर कॅरेजला, म्हणजे टँकवरच्या गाड्याला, गेलेला, आणि प्लॅटफॉर्म लांब गेला की तो ताणला जायचा, मग त्याला मागे खेचायचा. साखळ्या पाण्याखाली म्हणून मी तिथेच शोधत बसले, आणि ही बया डोळ्यासमोर लोंबत होती. टेक्निशियनला दाखवलं तर म्हणाला, "ती होय? ती तर नेहमीच असते." त्यानेच मग जुडगा सैल करून लांब रबराने टांगला. परत टेस्ट, 15.6. स्लाइड गुपचूप डिलीट.

दुपारी लाटा सुरू केल्या आणि ग्राफ परत फाटले, सिम्युलेशनमधलं संथ डोलणं मोजलेल्यापेक्षा कमी. हे दुखणं जुनंच आहे, ओसी5 प्रोजेक्टमध्ये कितीतरी टीम्सचे कोड एकाच टेस्टशी ताडून बघितले तेव्हाही लोड, म्हणजे पवनचक्कीवर येणारे जोर, साधारण 20 टक्के कमीच आले होते, याच डोलण्यापायी. तरी मी आधी वर वायरकडे बघितलं. बिचारी नीट लोंबत होती.