मामांना एकदाच विचारते

शिरोली एमआयडीसीतल्या ज्या फाउंड्रीत मी आयटी विभाग सांभाळते, तिथे आठवड्याची सुट्टी सोमवारी असते. साहजिकच सर्व्हर बदलणे, केबल हलवणे, बॅकअप तपासणे अशी जोखमीची कामे आम्ही सोमवारी उरकतो आणि त्यांची फळे मंगळवारी सकाळी भोगतो. त्या सोमवारी आमच्या अंतर्गत पोर्टलचा सर्व्हर बदलला होता. जुने यंत्र विंडोज सर्व्हर २०१२ आर२ वर चालत होते आणि त्या आवृत्तीचा नियमित आधार ऑक्टोबर २०२३ मध्येच संपला होता, त्यामुळे हे काम आधीच लांबलेले होते. पोर्टल बांधून देणाऱ्या पुरवठादाराचा इंजिनिअर दिवसभर बसून होता. संध्याकाळी त्याने माझ्यासमोर नव्या सर्व्हरवरचे पान उघडून दाखवले, मी मान डोलावली आणि आम्ही दोघेही घरी गेलो.

मंगळवारी सकाळी पंचगंगेच्या पुलावर होते तेव्हा पहिला फोन आला. गेटवर पोहोचेपर्यंत आणखी अकरा फोन येऊन गेले होते. सगळ्यांची तक्रार एकच होती : पोर्टल उघडले की नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट येते, पासवर्ड घातला की क्षणभर विचार केल्यासारखे करते आणि तीच चौकट पुन्हा पुढे येते. शेवटी कंटाळून चौकट रद्द केली की पांढऱ्या पानावर ४०१, म्हणजे ‘ओळख पटली नाही’, हा आकडा उरतो. एरवी आमच्या पोर्टलवर कोणी पासवर्ड घालतच नाही. सकाळी संगणक सुरू करताना जो एकदा घातला असेल त्याच ओळखीवर पान आपोआप उघडते, आणि त्यामुळे निम्म्या लोकांना पोर्टलला पासवर्ड असतो हेच मुळात ठाऊक नव्हते.

इथे माझी पहिली आणि त्या दिवसातली सर्वांत महागडी चूक झाली. चौकट पासवर्ड मागते आहे, म्हणजे पासवर्डचेच काहीतरी बिघडले आहे, असे मी गृहीत धरले. मोल्डिंगच्या सुपरवायझरांनी ‘मी बरोबरच घालतोय ओ मॅडम, दहादा घातला’ असे सांगूनही मी त्यांचा पासवर्ड बदलून दिला. त्यानंतर क्वालिटीच्या दोघांचा बदलला, मग अकाउंट्सचा, मग मशिन शॉपचा. तासाभरात सतरा जणांचे पासवर्ड बदलून झाले आणि एकाचेही पोर्टल उघडले नाही. उलट नवीनच उपद्रव सुरू झाला. आपलेच काही चुकत असेल या शंकेने लोक जुने, त्याआधीचे, घरच्या ईमेलचे असे सुचतील ते पासवर्ड घालू लागले. पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते कुलूपबंद होण्याचा नियम मीच लावलेला होता. ज्यांचे पासवर्ड मी बदलले होते, त्यांच्या खिशातले मोबाईल कार्यालयाच्या वायफायला जुन्याच पासवर्डने धडका देत राहिले, म्हणजे कुलूप मी काढायचे आणि दहा मिनिटांत त्या माणसाच्या स्वतःच्या फोनने ते पुन्हा लावायचे. डोमेन कंट्रोलरच्या, म्हणजे सगळ्यांची खाती आणि पासवर्ड सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या, नोंदवहीत ४७४० क्रमांकाच्या, म्हणजे खाते कुलूपबंद झाल्याच्या, नोंदींची रांग लागली होती आणि त्यातल्या बऱ्याचशा माझ्या कर्तृत्वाने आलेल्या होत्या.

इकडे गेटच्या आत दोन ट्रक भरून उभे होते. आमच्याकडे प्रत्येक हीटचा, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूचा, स्पेक्ट्रो या तपासणी यंत्रावर काढलेला रासायनिक अहवाल पोर्टलमध्ये जातो आणि तिथूनच टेस्ट सर्टिफिकेट छापले जाते. ते हातात पडल्याशिवाय कास्टिंगचा माल डिस्पॅचमधून हलत नाही. प्लांट हेड माझ्या टेबलापाशी दोनदा येऊन काही न बोलता परत गेले. त्यांनी आवाज चढवला असता तर बरे वाटले असते.

नऊच्या सुमारास मी पासवर्ड बदलणे थांबवले आणि जे पहिल्या दहा मिनिटांत करायला हवे होते ते करायला बसले. आधी घड्याळे पाहिली, कारण केर्बेरॉस या ओळख पटवण्याच्या पद्धतीत दोन यंत्रांच्या वेळेतला ५ मिनिटांपर्यंतचाच फरक मूळ रचनेत खपवून घेतला जातो. सगळी घड्याळे जुळत होती. विंडोज पासवर्ड जिथे साठवून ठेवते त्या क्रेडेन्शिअल मॅनेजरमध्ये कोणाचा शिळा पासवर्ड साठून राहिला आहे का, तेही पाहिले. एकाकडे सापडला, तो काढला, पण काही फरक पडला नाही. नव्या सर्व्हरवरची आयआयएसची, म्हणजे पोर्टलची पाने पुरवणाऱ्या विंडोजच्या वेब सर्व्हरची, नोंदवही उघडली तर पानेच्या पाने ४०१ दिसत होते. नवख्या माणसाला ते पाहून घाम फुटतो. वास्तविक अशा रचनेत पहिला ४०१ नेहमीच येतो, कारण ब्राउझर आधी ओळख न देता दार वाजवतो, सर्व्हर ‘कोण?’ असे विचारतो आणि मग ब्राउझर ओळख दाखवतो. खटकणारी गोष्ट निराळी होती. ओळख दाखवल्यानंतरही ४०१ येत होता आणि नावाच्या रकान्यात कोणाचेच नाव पडत नव्हते. म्हणजे सर्व्हर एखाद्या माणसाला नाकारत नव्हता, तर समोर कोण उभे आहे हे त्याला वाचताच येत नव्हते.

तेवढ्यात स्टोअरमधले मामा चलनांचा गठ्ठा घेऊन आले. त्यांना निवृत्तीला दोन वर्षे उरली आहेत आणि संगणकाशी त्यांचे नाते संशयाचे आहे. टेबलाभोवतीची गर्दी पाहून ते म्हणाले, “ताई, माझं तर चालतंय की. मला रोज एकदाच इचारतंय, पासवर्ड घातला की सोडतंय. आज बी सोडलं.”

मी त्यांच्याबरोबर स्टोअरमध्ये गेले. मामांच्या पडद्यावर, पॅटर्नच्या रॅकचा फोटो लावलेल्या पार्श्वभूमीवर, एक जुना शॉर्टकट होता. कधीकाळी कोणीतरी तो करून दिला होता आणि त्यात पोर्टलच्या नावाऐवजी सर्व्हरचा आयपी पत्ता घातलेला होता. नव्या सर्व्हरला आम्ही जुनाच पत्ता दिला होता, त्यामुळे तो शॉर्टकट अजून जिवंत होता. आकड्यांचा पत्ता मधल्या टिंबांमुळे विंडोजला बाहेरच्या इंटरनेटसारखा भासतो, म्हणून ते आपणहून ओळख देत नाही आणि मामांना रोज एकदा पासवर्ड विचारते. इतकी वर्षे मामा हीच पद्धत समजून रोज पासवर्ड घालत होते आणि त्याबद्दल त्यांनी कधी तक्रारही केली नव्हती. मी त्यांच्याच खुर्चीवर बसून पत्त्याऐवजी पोर्टलचे नाव घातले, आणि मामांनाही चौकट पुन्हा पुन्हा विचारू लागली. “बिघडवलं का काय?” असे त्यांनी विचारले. मला मात्र सकाळपासून प्रथमच बरे वाटले.

एकच माणूस, एकच पासवर्ड, एकच सर्व्हर. नावाने गेले तर दार बंद आणि आकड्याने गेले तर उघडे. याचा अर्थ पासवर्ड सकाळपासून सर्वांचे बरोबर होते. आयपी पत्त्याने गेल्यावर मूळ रचनेत केर्बेरॉस चालत नाही आणि एनटीएलएम ही जुनी पद्धत वापरली जाते, तिच्यात सर्व्हर थेट डोमेन कंट्रोलरला विचारून खात्री करतो. नावाने गेल्यावर केर्बेरॉस चालते. ही पद्धत अमेरिकेतल्या एमआयटीत जन्मली, ग्रीक पुराणातल्या तीन तोंडांच्या कुत्र्यावरून तिचे नाव ठेवले गेले आणि विंडोज २००० पासून ती डोमेनची मुख्य पद्धत झाली. तिच्यात डोमेन कंट्रोलर तुम्हाला एक सीलबंद तिकीट देतो. ज्या सेवेकडे जायचे तिच्या नावावर जे खाते नोंदलेले असेल, त्या खात्याच्या किल्लीने ते तिकीट बंद केलेले असते. सेवेने आपल्या किल्लीने ते उघडायचे आणि आतले नाव वाचायचे. किल्ली जुळली नाही तर तिकीट कितीही खरे असले तरी उपयोग नाही. माणसाने पुन्हा पासवर्ड घातला की ब्राउझर पुन्हा तसलेच तिकीट आणतो, आणि सर्व्हरला तेही उघडता येत नाही.

मामांच्या यंत्रातली सिस्टीमची नोंदवही उघडली तर तिथे केर्बेरॉसची ४ क्रमांकाची नोंद ताजी होती. समोरच्या सर्व्हरला तिकीट उलगडता आले नाही, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. ही नोंद सकाळी आठ वाजता कोणाच्याही संगणकावर मिळाली असती.

आता किल्ली कोणाची चुकते आहे ते शोधायचे होते. पोर्टलचे नाव कोणत्या खात्यावर नोंदले आहे ते सेटएसपीएन या विंडोजच्या आज्ञेने पाहिले. ते आमच्या सर्व्हिस अकाउंटवरच, म्हणजे माणसासाठी नव्हे तर पोर्टल चालवण्यासाठी काढलेल्या खात्यावरच होते, एकदाच होते, अगदी जिथे असायला हवे तिथे. आयआयएसमध्ये पोर्टल ज्यात चालते तो ॲप्लिकेशन पूलही त्याच खात्याने चालत होता. कागदावर सगळे बिनचूक होते आणि माझ्या मते अशा कामातला सर्वांत वाईट क्षण हाच असतो. मग सहज म्हणून पोर्टलच्या नावाऐवजी नव्या यंत्राचे स्वतःचे नाव घालून पाहिले. पान उघडले, काही न विचारता.

तिथे गाठ सुटली. यंत्राच्या स्वतःच्या नावाचे तिकीट यंत्राच्या खात्याच्या किल्लीने बंद होते आणि ते उघडत होते. पोर्टलच्या नावाचे तिकीट सर्व्हिस अकाउंटच्या किल्लीने बंद होते आणि ते उघडत नव्हते. म्हणजे दारात तिकीट उघडायला बसला होता तो आमचा ॲप्लिकेशन पूल नव्हताच, तर खुद्द यंत्र होते. आयआयएस ७ पासून विंडोजची ओळख तपासण्याचे काम मूळ रचनेत कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, होते आणि तिथे यंत्राच्या खात्याची किल्ली वापरली जाते. पूलच्या खात्याची किल्ली वापरावी असे वाटत असेल तर ‘यूज ॲप पूल क्रेडेन्शिअल्स’ हे स्वतंत्र बटण चालू करावे लागते. जुन्या सर्व्हरवर ते कोणीतरी कधीकाळी चालू केलेले होते. मात्र ते पोर्टलच्या फोल्डरमध्ये किंवा त्यातल्या वेब कॉन्फिग या सेटिंगच्या फाइलमध्ये राहत नाही, सर्व्हरच्या मुख्य फाइलमध्ये राहते. सोमवारी फोल्डर नव्या यंत्रावर गेले आणि ते बटण जुन्या यंत्राबरोबर बंद झाले. आदल्या संध्याकाळी पुरवठादाराच्या इंजिनिअरने माझ्यासमोर पान उघडले होते ते यंत्राच्या नावाने, आणि मी मान डोलावली होती तीही त्याच पानाकडे पाहून.

आयआयएसच्या कॉन्फिगरेशन एडिटरमध्ये ते बटण चालू केले, पूल पुन्हा सुरू केला आणि मामांच्या शेजारच्या टेबलावरून पोर्टलच्या नावाने पान उघडले. कोणालाही लॉग ऑफ करायला सांगावे लागले नाही, कारण लोकांजवळची तिकिटे सकाळपासून खरीच होती. पुरवठादाराचा इंजिनिअर फोनवर होता. तो दुरून नव्या सर्व्हरमध्ये शिरून तिथूनच पोर्टलचे नाव घालून पाहत होता आणि ‘मॅडम, इथं अजून विचारतंय’ असे सांगत होता. यंत्राने स्वतःलाच टोपणनावाने हाक मारली की विंडोज सुरक्षेपोटी तिला नकार देते, आणि तो नकार नेमका तसल्याच चौकटीच्या रूपात दिसतो. त्या फोनवर विसंबून मी बटण पुन्हा बंद केले असते तर दुपार उजाडली असती. सर्व्हरची तपासणी सर्व्हरवर बसून करायची नाही, एवढे त्याला तिथल्या तिथे सांगितले.

साडेदहाला पहिला ट्रक हलला. प्लांट हेडना कारण लेखी हवे होते, पण त्याआधी मी त्यांना तोंडी सांगितले की गेटपासवर शिक्का स्टोअरचा होता आणि गेटवर आपण फक्त डिस्पॅचचा शिक्का ओळखणारा वॉचमन बसवला होता. पास खरा होता आणि माणूसही खरा होता. त्यांनी विचारले, “मग ते सतरा पासवर्ड कशाला बदलले?” या प्रश्नाचे उत्तर मी लेखी अहवालात दिले.

उरलेल्या बारीकसारीक गोष्टींत तीन संगणक निघाले, ज्यांवर पोर्टल पूर्ण, टिंबांसह लिहिलेल्या नावाने उघडले जात होते आणि एकदा पासवर्ड विचारत होते. ते नाव ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे सगळ्या संगणकांना एकदम लागणाऱ्या नियमांतून, इंट्रानेटच्या म्हणजे आतल्या पत्त्यांच्या यादीत घातल्यावर तोही त्रास थांबला. मामांच्या शॉर्टकटमध्येही मी नाव घालून दिले, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी तो जुना परत करून मागितला. काहीच न विचारता उघडते म्हणजे कोणीही उघडू शकेल, असे त्यांचे म्हणणे पडले.

मोल्डिंगचे सुपरवायझर बुधवारी आले. त्यांना त्यांचा जुना पासवर्ड परत हवा होता. स्वतः बदलायला गेले तर प्रणाली मागचे चोवीस पासवर्ड लक्षात ठेवते आणि तो घेत नाही. ॲडमिनने नव्याने घातला तर ती अट लागत नाही, पण मग तो त्यांनी मला सांगावा लागला असता. मी त्यांना माझ्या खुर्चीवर बसवले, पासवर्ड बदलण्याची चौकट उघडून दिली आणि तोंड खिडकीकडे फिरवले. मागे एका बोटाने, सावकाश, एकेक कळ दाबल्याचा आवाज येत राहिला.