टाळी आधी, चेंडू नंतर

खानापूर तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेत दुसरीला गुरुवारी शेवटचा तास खेळाचा असतो. तो मी कितीतरी वेळा गणिताला वापरलाय, हे आधीच कबूल करते. पाढे राहिलेले असायचे, बाहेर पाऊस असायचा. कारणांना काय तोटा?

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी पावसानं उघडीप दिली आणि पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला, म्हणून मैदानात नेलं. तांबड्या मातीचा नुसता राडा झालेला. खो-खो जमणार नव्हता. गोल करून रबरी चेंडू झेलायला लावला.

एका मुलीचा एकही झेल होईना. वर्गात पहिल्या रांगेत बसणारी, वाचन खणखणीत. पोरं हसली. मीही "लक्ष कुठंय गं तुझं?" म्हणून मोकळी झाले. मग सहज तिच्या हातांकडं बघितलं. चेंडू पोचायच्या आधीच तळवे मिटत होते. टप्प अशी टाळी, आणि मग चेंडू छातीवर. पुन्हा टाकला. आता हात उशिरा मिटले. बाजू बरोबर, अंतर चुकतंय. घाबरलेली पोरं मान वळवतात, डोळे मिटतात. ही तर टक लावून बघत होती.

तिला बाजूला घेतलं आणि तळव्यानं एकेक डोळा झाकून बघितला. डावा झाकला तेव्हा गप्प उभी. उजवा झाकल्याबरोबर माझा हात ढकलायला लागली. "टीचर, हात काढा की! काय दिसत न्हाई."

आई भाताच्या भांगलणीवरून थेट शाळेत आली. "धांदरट हाय बघा ती पहिल्यापासनं. उंबऱ्याला रोज ठेचकाळते."

बेळगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आळशी डोळा. डाव्याचा नंबर मोठा, म्हणून मेंदूनं त्या डोळ्याकडं लक्ष देणंच सोडलेलं. उजव्यावर वाचन छान चालतं, म्हणून घरी-दारी कुणाला शंका येत नाही. पण चेंडू किती जवळ आलाय हे नीट कळायला दोन्ही डोळे एकत्र लागतात. सात-आठ वर्षांच्या आत सापडलं तर चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी यांनी बहुतेक मुलांची नजर सुधारते, पुढं ते अवघड होत जातं. ही सात वर्षांची. रोज 2 तास पट्टी लावायची, तेवढ्या वेळात डाव्या डोळ्याला बारीक काम द्यायचं. आई तिला तांदूळ निवडायला बसवते. पट्टी वर करून बघते म्हणून ओरडाही खाते.

गणिताचा तास मी आता सोमवारी वाढवून घेतलाय.

गेल्या गुरुवारी तिनं 10 पैकी 4 झेल घेतले. पाचवा सुटला, तेव्हा मी काही बोलायच्या आतच चष्मा नाकावर सारत म्हणाली, "टीचर, हात लवकर मिटला. परत टाका."