फिल्म लावल्यावर काच शिट्टी मारायला लागली, तर आधी रबर बसवून बघा

काचांना ऊन अडवणारी फिल्म लावून गाडी घरी येते, आणि चार दिवसांनी हायवेवर ऐंशीच्या पुढे गेलं की कानाशी बारीक शिट्टी सुरू होते. नाहीतर काच वर जाताना कुरकुरते, मध्येच अडखळते. गॅरेजवाला म्हणतो, "रबर गेलं, बदलून टाका." बहुतेक वेळा रबर गेलेलं नसतं. फिल्म लावताना ते जागेवरून हललेलं असतं.

प्रत्येक दाराच्या काचेला तीन रबरं असतात. काचेच्या खालच्या कडेला बाहेरून असते ती बीडिंग, तिथेच आतून असते ती फेल्टची (दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाची) पट्टी, आणि फ्रेममध्ये काच ज्या खाचेतून सरकते ते रन चॅनेल. दार बंद होताना दबणारं जाड रबर वेगळं, त्याचा या प्रकाराशी संबंध नाही. फिल्म काचेच्या आतल्या बाजूला असते, म्हणून ती बाहेरच्या बीडिंगला लागतच नाही. त्यामुळे फिल्मवर उभे ओरखडे आले किंवा कड सुटली तर आधी फेल्ट बघायची. शिट्टी येत असेल तर रन चॅनेल आणि बाहेरची बीडिंग.

शिट्टीची जागा कानाने शोधू नका, कान फसवतो. मास्किंग टेपने रन चॅनेलचा वरचा भाग बाहेरून झाकून तोच रस्ता, त्याच वेगाने चालवा. आवाज थांबला नाही तर टेप काढून पुढचा भाग झाका. पाच-सहा तुकड्यांत जागा सापडते, आणि ती बहुधा आरशामागचा किंवा मागचा वरचा कोपरा निघते. फिल्मच्या बाजूच्या कडा आत सरकवण्यासाठी कारागीर चॅनेल तिथेच ओढतो आणि परत दाबताना त्याचा ओठ, म्हणजे काचेला टेकणारी पातळ कड, आत दुमडला जातो. दुसरी खूण कागदाची: काच बंद करताना कागदाची पट्टी मध्ये धरा आणि ओढून बघा. जिथे ती सहज निसटते तिथे रबर काचेला टेकलेलं नाही.

दुरुस्तीची घाई मात्र करू नका. फिल्मखालचं पाणी सुकायला उन्हाळ्यात तीन दिवस, पावसाळ्यात आठवडा लागतो. तोपर्यंत काच खाली करायची नाही आणि रबराला कसलाही स्प्रे मारायचा नाही. स्प्रेमधलं सिलिकॉन फिल्मच्या ओल्या कडेखाली शिरलं की तिथे गोंद पुन्हा धरत नाही.

सुकल्यावर काच पूर्ण खाली घ्या. जुन्या एटीएम कार्डाला मायक्रोफायबरचं फडकं गुंडाळा, कार शाम्पूच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि चॅनेलच्या खाचेतून वरून खाली फिरवा. पेट्रोल आणि थिनर नको, रबर फुगतं. फडकं काळं यायचं थांबलं की चॅनेल बसवायला घ्या. आधी दोन्ही कोपरे अंगठ्याने पूर्ण आत दाबायचे, मग मधला भाग. एका टोकाकडून दाबत गेलात तर जास्तीचं रबर दुसऱ्या कोपऱ्यात गोळा होतं आणि तिथे फुगा येतो. आत जात नसेल तर साबणाचं पाणी लावा. स्क्रूड्रायव्हर हातात घेऊच नका. दुमडलेला ओठ सरळ होत नसेल तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं दोन-तीन मिनिटं धरा, मग बोटाने उलटवा.

वाळल्यावर सिलिकॉन स्प्रे फडक्यावर मारून चॅनेलमधून एक पातळ हात फिरवा. घराघरांत असतो तो गंज सोडवणारा स्प्रे इथे चालत नाही. दोन दिवस काच लोण्यासारखी सरकते, मग त्यावर धूळ चिकटून खाचेत चिखल होतो.

फेल्टची गोष्ट वेगळी. फिल्मवर लव येऊ नये म्हणून कारागीर फेल्टवर मास्किंग टेप लावतात आणि काढताना तुकडा राहतो किंवा गोंद राहतो. त्यात वाळूचा एक कण अडकला की काचेच्या प्रत्येक फेरीला एक रेघ. रेघा जात नाहीत, फिल्मच बदलावी लागते. पण फेल्ट साफ न करता नवी लावलीत तर आठवड्यात तिच्यावरही त्याच रेघा. गोंद काढायला फडक्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, फिल्मच्या कडेपासून लांब ठेवा.

कड सुटण्याचं कारण कटिंगमध्ये असतं. वर एक-दोन मिलिमीटर काच मोकळी सोडावी लागते, आणि खालची कड फेल्टच्या खाली निदान पाच मिलिमीटर जायला हवी. ती नेमकी फेल्टच्या रेषेवर संपली असेल तर काच खाली जायला लागताच फेल्ट कडेत अडकते आणि तिला उचलते. याला रबर बसवून उपयोग नाही, फिल्म पुन्हा लावून घ्या. पुन्हा लावताना बाजूच्या काचेतून फिल्मसकट निदान ५० टक्के प्रकाश आरपार जाईल तीच निवडा, नाहीतर पोलिसांनी ती उतरवायला लावली की हेच रबर तिसऱ्यांदा उचकटलं जाईल.

बाहेरच्या बीडिंगच्या आत पत्र्याची पट्टी असते. ती उचकटताना एकदा वाकली की पकड गेली, तिथे नवीन बीडिंगच हवी. फेविक्विकने चिकटवलीत तर रबर कडक होतं आणि पुढच्या वेळी रंगासकट निघतं.

काचेला ऑटो-अप (बटण एकदा दाबलं की काच आपोआप पूर्ण वर जाण्याची सोय) असेल आणि काच वर जाऊन आपोआप खाली येत असेल, तर नव्याने बसलेल्या रबराला ती अडथळा समजते आहे. बऱ्याच गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवलं की ती पुन्हा शिकते. नेमकी पद्धत मॅन्युअलमध्ये असते.

शेवटी पाइपची धार बारीक ठेवून खालून वर पाणी मारा. दाराच्या आत पाणी उतरणं दोष नाही, ते खालच्या भोकांतून गळून जायलाच हवं. भोकं बुजली असतील तर काडीने मोकळी करा. पायाखालचं कार्पेट ओलं झालं तर मात्र डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, उघडावं लागेल. आतली प्लास्टिक शीट काळ्या चिकट गोंदापासून सुटलेली सापडेल. तो गोंद हेअर ड्रायरने गरम करून शीट खालच्या कडेपर्यंत दाबून बसवा.