फातोर्ड्याचं तिकीट, दोन पहिले डोस आणि आडनावातला 'सी'

आधीच कबूल करतो, मी पहिल्याच दिवशी कोविडची आरटी-पीसीआर चाचणी करून घेतली असती तर लिहिण्यासारखं काहीच घडलं नसतं. पण मी दोन डोस घेतलेला माणूस, आता नाकात काडी कशाला घालून घेऊ? या हट्टापायी चार दिवस गेले.

मार्च २०२२. आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेची फायनल रविवारी २० तारखेला मडगावच्या फातोर्डा मैदानात, आणि प्रेक्षकांना शंभर टक्के प्रवेश. तो आणि त्याआधीचा, असे दोन्ही हंगाम सगळेच्या सगळे आमच्या गोव्यात झाले. फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान. पण बंद दाराआड. म्हणजे फोंड्याहून तासाभराच्या अंतरावर देशातली सगळी टीमं खेळत होती आणि आम्ही ती हैदराबाद-कोलकात्याच्या माणसांसारखी टीव्हीवर बघत होतो. जत्रा आपल्या देवळात आणि आपण कुंपणाबाहेर, तसं काहीतरी.

फायनल हैदराबाद विरुद्ध केरळ ब्लास्टर्स. आमचा एफसी गोवा त्या वर्षी नववा आला होता. बायकोने विचारलंच, "आपले नाहीत तर जाता कशाला?" भाच्याने दोन तिकिटं मिळवली होती, कशी ते मी विचारलं नाही, आणि मला जायचं होतं. यापेक्षा बरं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

जावं की नाही हा प्रश्न मात्र खरा होता. घरात आई, वय ७६, जुना दमा. शिवाय माझ्या मनात ७ मार्च २०२० ची रात्र बसलेली होती. त्या दिवशी सेमीफायनलचा दुसरा लेग, म्हणजे दोन सामन्यांतला परतीचा सामना, बघायला मी फातोर्ड्यालाच होतो. चेन्नईयिनने तिकडे आम्हाला ४-१ मारलेलं, इथे आम्ही ४-२ जिंकलो आणि तरीही ६-५ ने बाहेर गेलो. गोल झाला की शेजारचा अनोळखी माणूस गळ्यात पडायचा, मीही पडायचो. पुढच्या शनिवारची, १४ मार्चची फायनल त्याच मैदानात प्रेक्षकांविना झाली. गोव्यात पहिले तीन रुग्ण सापडले २५ मार्चला. नंतर इटलीतल्या बेर्गामोबद्दल वाचलं. १९ फेब्रुवारी २०२० ला तिथली चाळीस हजारांवर माणसं आपल्या अटालांटा क्लबचा सामना बघायला मिलानला गेली होती, आणि त्या भागात साथ कशी भडकली याच्या चर्चेत त्या सामन्याचं नाव पुन्हा पुन्हा येतं. ते वाचल्यावर त्या अनोळखी माणसाची मिठी मला बरेच दिवस आठवत राहिली. मला काही झालं नाही, आईलाही नाही. नशीब, दुसरं काय.

२०२२ मध्ये गोष्ट वेगळी होती. जानेवारीतली ओमिक्रॉनची लाट उतरली होती. फेब्रुवारीत विधानसभेची निवडणूक होऊन गेली, कोपरा सभांना किती गर्दी होती ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. आईचे दोन डोस आणि वरचा प्रिकॉशन डोसही झाला होता. तरी मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी जा किंवा जाऊ नको असं काहीच सांगितलं नाही. उलट विचारलं, "जाणार कसा?" म्हटलं, सातजण मिळून व्हॅन करतोय. ते म्हणाले, "मैदान उघडं आहे, वारा आहे. मला तुझ्या व्हॅनची जास्त काळजी वाटते. काचा बंद करून, एसी लावून, सातजण तासभर ओरडत येणार. आणि मुतारीची रांग. तिथे मास्क काढू नको." त्या रात्री व्हॅन रद्द केली. भाचा रुसला, मग दोघं दोन स्कूटरवर जायचं ठरलं. कुणी आज मला विचारलं तर मी हेच सांगेन, सामन्यापेक्षा जाण्यायेण्याचा विचार आधी करा.

आई म्हणाली, "जा रे. पण येताना मागच्या दाराने ये, न्हाणीत आंघोळ कर आणि मग घरात पाय ठेव." मयताला जाऊन आल्यावर जो नियम, तोच.

इथपर्यंत सगळं सुरळीत. प्रवेशाला अट होती दोन्ही डोसांचं प्रमाणपत्र, नाहीतर निगेटिव्ह आरटी-पीसीआर. बुधवारी संध्याकाळी मी निवांतपणे लसीकरणाचं कोविन पोर्टल उघडलं, आणि त्यात मी अर्धाच लसवंत होतो.

झालं होतं असं. पहिला डोस मी जून २०२१ मध्ये पंचायतीत, टिका उत्सवात, म्हणजे लसीकरणाच्या मोहिमेत घेतला. आधार कार्ड त्या दिवशी बायकोकडे कुठल्याशा कामाला, म्हणून मतदार कार्ड दाखवलं आणि मोबाइल नंबरही तिचाच दिला. दुसरा डोस ८४ दिवस भरल्यावर, कामाच्या जागी लागलेल्या शिबिरात. तिथे आधार आणि माझा नंबर. शिबिरातल्या मुलाने नवी नोंद केली आणि तोही माझा 'पहिला डोस' झाला. बायकोच्या नंबरावर एक मी, पहिला डोस घेतलेला. माझ्या नंबरावर दुसरा मी, तोही पहिलाच डोस घेतलेला. 'आपला दुसरा डोस बाकी आहे' असे मेसेज मला डिसेंबरपासून येत होते. बँकेच्या कर्जाचे येतात तसेच असतील म्हणून मी पुसून टाकायचो. तुम्ही पुसू नका.

गुरुवारी सकाळी आमच्या भागातल्या आरोग्य केंद्रात गेलो. खिडकीवर एक इसम, समोर कॉम्प्युटर, कॉम्प्युटरवर प्लॅस्टिकचं झाकण. मी दोन्ही कागद काचेखालून सरकवले. त्याने ते हातात न घेता वरूनच वाचले आणि म्हणाला, "दुसरा डोस कुठंय?" मी म्हटलं, हाच दुसरा. "यावर तर पहिला लिहिलंय." ते चुकून लिहिलंय. "मग जिथे चुकलं तिथे जा." शिबीर सहा महिन्यांपूर्वी उठलं होतं, जाऊ कुठे? तो जरा विचारात पडला आणि अगदी मनापासून म्हणाला, "तुम्ही एक काम करा, आणखी एक घ्या की. तो दुसरा म्हणून लागेल."

रेशनची साखर राहिली असावी तसं सांगितलं त्याने. माझ्या दंडात दोन गेलेत, तिसरी मी कागद नीट व्हावा म्हणून घेऊ? माझा आवाज चढला. मागच्या बाकावरच्या बायका लेकरांना घेऊन आल्या होत्या, त्या बघायला लागल्या. तो शांतपणे म्हणाला, "साहेब नाहीत. फाल्यां येयात." उद्या धुळवड, सुट्टी, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग सोमवारी." फायनल रविवारी. मी तिथल्या बाकड्यावर बसून राहिलो. उठायचंच नाही असं ठरवलं होतं, पण बसून काय होणार हेही माहीत नव्हतं. समोरच्या भिंतीवर मलेरियाचं पोस्टर होतं. दीड तासात ते मला पाठ झालं.

सुटका झाली ती सिस्टरमुळे. लहान मुलांचं लसीकरण आटोपून त्या हात पुसत बाहेर आल्या आणि विचारलं, "तुम्ही सकाळपासून इथे का?" मी दोन्ही कागद दिले. त्यांनी ते एकावर एक ठेवून उजेडात धरले, पत्रिका जुळवावी तसे, आणि म्हणाल्या, "ही दोन वेगळी माणसं आहेत."

मी म्हटलं, एकच आहे, तुमच्यासमोर उभा आहे. त्या म्हणाल्या, "आडनाव बघा."

आमचं आडनाव गांवकर. आधारवर ते आजच्या पद्धतीने, 'के' लावून. मतदार कार्डावर मात्र आजोबांच्या पोर्तुगीज कागदांवरून आलेलं, 'यू' आणि 'सी' लावून. तोंडाने म्हणताना एकच, लिहिताना दोन घराणी. गोव्यात हे घरोघरी आहे, कामतांचे कामोटीं झालेत, प्रभूंचे पोरोब. आम्ही हसून सोडून देतो. मशीनला हसता येत नाही. सिस्टरांनी मग मला माझ्याच फोनवर दाखवलं. पोर्टलवर तक्रारीच्या भागात दोन पहिल्या डोसांची प्रमाणपत्रं एकत्र करायची सोय होती. पण आधी दोन्ही नोंदी एका मोबाइल नंबराखाली आणा, मग नाव सारखं करा, मगच एकत्र करायची विनंती टाका, असा क्रम त्यांनी सांगितला. हे करायला आरोग्य केंद्रात यायचीच गरज नव्हती. खिडकीवरच्या इसमाला ते ठाऊक नव्हतं. आणि मला ठाऊक नव्हतं, कारण मी पोर्टलवर दोनच बटणं दाबून पाहिली होती. हेही लिहायला हवं.

त्या रात्री गावात होळी उभी राहत होती, ढोल-ताशांचा आवाज घरापर्यंत येत होता, आणि मी सोप्यावर बसून फोनवर आडनाव निवडत होतो. नावातली दुरुस्ती एकदाच करता येईल, असा इशारा पडद्यावर होता. एकदाच! बोट तिथेच थांबलं. आईला विचारलं, सी ठेवू की के? ती म्हणाली, "तुझ्या बापाची सही सीने होती." मग थोड्या वेळाने, "पण पेन्शन के वर येते." के ठेवला. विनंती गेली आणि खाली शब्द आला, प्रलंबित.

शुक्रवारी दिवसभर प्रलंबित. शनिवारी सकाळी प्रलंबित. शेवटी बायको म्हणाली, "हट्ट पुरे झाला, जा आणि काडी घालून घ्या." खासगी लॅबमध्ये गेलो, दहा सेकंदांचं काम. डोळ्यांत पाणी आलं, बाकी काही नाही. आणि शनिवारी रात्री अकराला, झोपण्याआधी सवयीने पोर्टल उघडलं तर प्रमाणपत्र आलेलं, दोन डोस, एक गांवकर. मी अंगणात जाऊन भाच्याला फोन केला. तो झोपेत म्हणाला, "मामा, तुमची आरटी-पीसीआर तर सकाळी येणारच होती ना?" या पिढीला आनंद म्हणून कळत नाही. निगेटिव्ह रिपोर्टही सकाळी आला. दोन्हींच्या प्रिंट काढल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवल्या.

बोरीचा पूल, राय, आणि फातोर्ड्याच्या अलीकडेच पिवळ्या जर्सींचा पूर. एवढी माणसं केरळातून आली होती. आणि त्यांच्या टीमला त्या दिवशी पिवळी जर्सीच मिळाली नाही. हैदराबादही पिवळेच, यजमान तेच धरलेले, म्हणून ब्लास्टर्स काळ्या जर्सीत. गेटवरच्या मुलाने माझं प्रमाणपत्र बघितलं, आडनावावर थांबला. माझ्या पोटात गोळा. तो म्हणाला, "गांवकार खंयचे?" फोंड्याचे, म्हटलं. "म्हजी आवय थंयची," म्हणाला, म्हणजे त्याची आई तिथली, आणि आत सोडलं.

सामन्याबद्दल थोडक्यात. ६८व्या मिनिटाला राहुल केपीचा गोल, सगळं मैदान केरळचं. ८८व्या मिनिटाला हैदराबादकडून खेळणाऱ्या आमच्या गोव्याच्या साहिल तवोराने लांबून व्हॉलीवर मारला, १-१. मग पेनल्टी, आणि गोलमध्ये आमचाच लक्ष्मीकांत कट्टीमणी. त्याने तीन अडवल्या. हैदराबाद ३-१. बायकोला आता उत्तर देता आलं असतं, आपले होते म्हणून. डॉक्टरांना मात्र एक सांगितलं नाही. तवोराचा गोल झाला तेव्हा माझा मास्क हनुवटीवर होता आणि मी ओरडत होतो. मिठी मात्र कुणाला मारली नाही. मुतारीत मास्क नाकावरच होता.

मागच्या दाराने आलो, रात्री एक वाजता न्हाणीत आंघोळ केली. पाच दिवस बाहेरच्या खोलीत. तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी घरच्या किटवर एकच रेघ. हे पाच दिवस आधीच मोकळे ठेवा, नाहीतर जाऊ नका, असं मी सगळ्यांना सांगतो, विशेषतः ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांना. आई खिडकीतून पेज द्यायची आणि रोज तेच विचारायची, "तो वास्कोचा पोर, त्याने तीन धरले की चार?"

प्रमाणपत्रावर आता के आहे. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर मात्र अजून सीच आहे, धाकटा भाऊ म्हणतो, तोही एकदा बदलून घेऊया. त्याला म्हटलं, तू जा.